उशीवरचं पालथं पुस्तक

आमच्या घरात उघडं पुस्तक सोडून उठायची सोय नव्हती. पाणी प्यायला उठलं तरी आधी पुस्तक मिटायचं, मग उठायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मिट ते आधी! उघडं ठेवलं की दुसरं कुणीतरी वाचतं." दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, हे तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. पिंपळगाव बसवंतला आमच्या आळीत घरोघरी हेच होतं. शेजारच्या मुसलमान कुटुंबात तर आमच्याहून कडक शिस्त. त्यामुळे जगात सगळीकडे असंच असतं, असं मी कितीतरी मोठी होईपर्यंत समजत होते.

पुस्तकं आणायचे आबा, म्हणजे माझे वडील. ते कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. स्वतः पेपरापलीकडे काही वाचत नसत, पण कुणी व्यापारी नाशिकला निघाला की त्याला सांगायचे, "पोरींसाठी एखादं गोष्टीचं पुस्तक आणा, जाडं बघून." जाडीवर त्यांचा भर. पुस्तक घरात आलं की पहिला मान ताईचा. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती वाचून काढायची आणि मग न बोलता माझ्या उशीवर आणून ठेवायची.

त्या ठेवण्यातच सगळं सांगणं होतं. मुखपृष्ठावरचं चित्र वर करून सुलटं ठेवलं असेल तर वाच, छान आहे. चित्र खाली करून पालथं ठेवलं असेल तर यात भीतीचं आहे, एकटीने वाचू नकोस, मी शेजारी बसते. ही खूण आम्ही दोघींनीच ठरवली होती, कारण भुताखेताचं पुस्तक आहे असं आईला कळलं असतं तर ते थेट चुलीत गेलं असतं. पालथं पुस्तक आलं की आम्ही एका गोधडीत शिरून वाचायचो. ताई ओल्या बोटाने पानाचा वरचा कोपरा धरून उलटायची. आई त्यावरूनही ओरडायची. आणि ताई हळू वाचायची, फारच हळू. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, आणि मी शेजारी चुळबुळ करते आहे.

ताई नऊ वर्षांची होती तेव्हा पावसाळा सरताना तिला ताप आला. आधी गावातला डॉक्टर झाला, मग एके दिवशी आबा तिला टेम्पोत घालून नाशिकच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी शाळेतून आले तेव्हा तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं आणि माझ्या उशीवर एक पुस्तक होतं. पालथं. एका मुलीचं करडू जुन्या बारवेत पडतं आणि ते आणायला ती एकेक पायरी उतरत जाते, अशी गोष्ट होती. इतपत मला ठाऊक होतं, कारण ताईने वाचायला घेतलं तेव्हा सुरुवात सांगितली होती.

मी तिची वाट बघत बसले. एकटीने वाचायचं नव्हतं ना. ताई परत आली नाही.

ते पुस्तक मी कधीच वाचलं नाही. टाकलंही नाही. लग्न झालं तेव्हा साड्यांखाली घालून घेऊन आले आणि नाशिकला सातपूरच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या तळाशी ठेवलं, तसंच पालथं. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीलाही नाही. मी सातपुरातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तुकडा मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर बाद, असं माझं दिवसभर चालतं. अशा बाईने न वाचलेलं पोरांचं पुस्तक साड्यांखाली जपून ठेवावं, हे कुणाला सांगणार?

आई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मी, आबा आणि माझी मुलगी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आबा येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन आले. आम्हा बहिणींची जुनी पुस्तकं त्यांनी ट्रंकेत भरून ठेवली होती, ती सगळी.

पहिले काही आठवडे मजेत गेले. आजोबा नातीला पुस्तक काढून द्यायचे, नात आजोबांना शाळेच्या लायब्ररीतलं आणून द्यायची. मग एक दिवस मी कामावरून आले तर हॉलच्या खिडकीतल्या कट्ट्यावर एक पुस्तक उघडं पडलेलं. मी सवयीने मिटलं. आबा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे."

"आबा, उघडं आहे."

"म्हाईत हाय मला. मीच ठेवलंय."

मला वाटलं वयामुळे झालं असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवून विचारलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझी आई म्हणायची ना, उघडं ठेवलं की दुसरं कुणी वाचतं. मंग वाचू दे की. तुझ्या ताईला लय आवड होती."

मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि कुकरची शिट्टी काढून पुन्हा बसवली. काहीच करायचं नव्हतं. अख्ख्या गावाने भीतीपोटी पाळलेली गोष्ट या माणसाने आमंत्रण म्हणून वापरली होती. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता.

नेम असा होता. दुपारी जेवण झालं की आबा पुस्तक उघडं करून कट्ट्यावर ठेवायचे आणि आत जाऊन पडायचे. संध्याकाळी पान पुढे गेलेलं असायचं. रोज एक, फार तर दोन. खिडकी बंद असायची, पंखा बंद असायचा. आबा चहा पिता पिता बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. मी म्हणायचे, पोरगी शाळेतून येते, तीच उलटत असेल. दुसरं कोण असणार?

एका रविवारी मुलीला जवळ घेऊन विचारलं. रागावले नाही, अगदी गोडीत विचारलं.

"मम्मी, मी नाही उलटत," ती म्हणाली. "मी पण थांबते. मला पुढचं वाचायचं असतं, पण मावशीचं झालेलं नसतं. ती हळू वाचते."

ताई हळू वाचायची, हे मी या पोरीला कधी सांगितलं नव्हतं. आबांनी सांगितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण आबा कधी आमच्या गोधडीत नव्हते. ते दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये असायचे आणि घरी येईपर्यंत आम्ही झोपलेल्या असायचो.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं केलं. सकाळी निघताना आबांनी काढून ठेवलेल्या पुस्तकाच्या कडांना चिमूटभर हळद चोळली. कारखान्यात दोन भाग कुठे टेकतात ते बघायला आम्ही रंग लावतो, तसंच. संध्याकाळी आले. पान उलटलेलं होतं. वरच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता, ओला होऊन वाळलेला, लहानसा. आबांचा अंगठा त्याच्या दुप्पट. पोरीचे हात पाहिले तर स्वच्छ, पण ती शाळेतून आल्यावर हात धुते. शिवाय ती पान खालून धरून चुरगाळत उलटते, त्यावरून माझी बोलणी खाते. एखाद्या दिवशी वरून उलटलं असेल की. तपासणीत याला पुरावा म्हणत नाहीत. मी पुस्तक पुसलं आणि तो प्रयोग पुन्हा केला नाही.

खरं सांगायचं तर मला भीतीच्या आधी राग आला. ताई माझी होती. मी इतकी वर्षं तिच्या पुस्तकावर एक ओळ न वाचता बसून राहिले. माझ्याकडे ती एकदाही आली नाही. आणि इथे, जिला ती ओळखतसुद्धा नाही, त्या पोरीबरोबर पुस्तकं वाचते आहे. मेलेल्या बहिणीचा कुणाला असा मत्सर वाटतो का? मला वाटला.

हळूहळू घरात पुस्तक निवडणं हा मावशी धरून तिघांचा उद्योग झाला. आबा आणि नात मिळून ठरवायचे, मावशीला पुढचं कुठलं द्यायचं. पोरगी लायब्ररीतून आणताना मावशीला चालेल का, ते आधी बघायची. काही पुस्तकांची पानं दिवसेंदिवस तशीच राहायची. मग आबा म्हणायचे, "हे तिला नाय पटलं," आणि बदलायचे. एकदा एक चांगलं, नवं कोरं पुस्तक पहिल्याच पानावर अडलं. मी पोरीला सहज विचारलं, यात काय वाईट आहे?

"यात शेवटी मुलगी मोठी होते," ती म्हणाली. "मावशीला तसली नाही आवडत."

ती हे बूट काढता काढता बोलली, डब्यात काय होतं ते सांगावं तसं. मी मात्र तिथेच खाली बसले.

त्या पावसाळ्यात पोरगी नऊ वर्षांची झाली. ती खाली खेळायला जाईनाशी झाली. मैत्रिणी हाका मारून दमायच्या आणि ही खिडकीच्या कट्ट्यापाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, कुणासाठी तरी जागा सोडून. मला सगळं दिसायला लागलं. तेच वय, तोच पाऊस, आणि ती जागा. मी रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी आत जाऊन पोरीची उशी बघायचे. तिच्या उशीवर पालथं पुस्तक तर नाही ना? नसायचं. तरी उशी उचलून खालीही बघायचे. मग कपाळाला हात लावून ताप बघायचे. पोरगी वैतागायची.

एक दिवस माझा बांध फुटला. मी कट्ट्यावरचं पुस्तक मिटलं, ट्रंकेतली सगळी पुस्तकं पुन्हा ट्रंकेत भरली आणि माळ्यावर चढवली. "आबा, बस झालं," मी म्हणाले. "एक पोरगी गेली तुमची. माझी एकच आहे."

आबांनी आधी माळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी फार लागेल असं बोलले होते, हे मला बोलतानाच कळत होतं, पण मागे घ्यायला जीभ वळली नाही.

पोरगी रडली नाही. ती म्हणाली, "मम्मी, मी दहाची झाले ना, की मावशी माझ्यापेक्षा लहान होणार. मग कुठलं वाचायचं ते मी तिला सांगायचं. तेव्हा तरी काढशील ना पुस्तकं?"

मला आत कुठेतरी धरून ठेवलेलं जरा सैल झाल्यासारखं वाटलं. ही पोरगी खाली उतरायच्या गोष्टी करत नव्हती. ती पुढे जायच्या गोष्टी करत होती.

पुस्तकं गेली आणि आबा मिटले. जेवण कमी झालं. आम्हाला वाटलं रुसले आहेत. पोटात दुखतं, हे त्यांनी लपवलं होतं, ते नवऱ्याने एका रविवारी पकडलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा आबा छताकडे बघत होते. बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणाले, "भ्यायचं काय त्यात. झोपेचं इंजेक्शन देत्यात." आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवलं, घरी येईपर्यंत. हा माणूस घाबरला होता. ताईला टेम्पोतून नेलं तेव्हाही असाच घाबरला असेल, आणि त्याचं मनगट धरायला कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. एक पुस्तक उघडून कट्ट्यावर ठेवलं. या वेळी मी ठेवलं. आबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आबा ऑपरेशनमधून परत आले नाहीत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला याचा शेवट तिथे करायचा नाही. मला दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीची दुपार सांगायची आहे.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. पोरगी अजून शाळेत होती. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, खालून जाणाऱ्या कंपनीच्या बसकडे बघत. मी सवयीने आधी पोरीच्या खोलीत गेले. उशी रिकामी होती. हुश्श केलं आणि आबांची पिशवी भरायला त्यांच्या खोलीत आले.

आबांच्या उशीवर पुस्तक होतं. पालथं. जवळ जायच्या आधीच मी ओळखलं. बारवेचं पुस्तक. साड्यांखालचं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. सुटल्यासारखं वाटलं. पोरीच्या उशीवर नाही, आबांच्या उशीवर आहे, असं मनात आलं. मग दुसऱ्याच क्षणी त्याचा अर्थ कळला आणि मी आबांच्या कॉटवर बसून तोंडात पदर कोंबून रडले.

ते तिथे कुणी ठेवलं, याचा तपास मी केला नाही. आबांना विचारता आलं असतं. पोरीला विचारता आलं असतं. ती कपाटात उचकापाचक करतेच. पण त्या खुणेचा अर्थ या घरात मला एकटीलाच माहीत होता. जन्मभर तुकडे तपासत आले, हा एक तसाच पास केला.

मी पुस्तक घेऊन गॅलरीत गेले. आबांना खूण सांगितली. सुलटं म्हणजे काय आणि पालथं म्हणजे काय, ते. त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पालथ्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे ती म्हणतीय, एकट्यानं नको."

"हो."

"बस मंग इथं. मला बारीक दिसत नाय. तू वाच."

आम्ही आत कट्ट्यावर शेजारी शेजारी बसलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. गोष्टीतली मुलगी उतरायला लागते. पायरीवर शेवाळ असतं. एका पायरीवर बेडूक, एका पायरीवर साप, कुणी तिला मागे फिर म्हणतं, कुणी पुढे ये म्हणतं. आम्ही वाचत असतानाच पोरगी शाळेतून आली. तिने दारातून आम्हाला बघितलं, दप्तर टाकलं, "मी खाली जाते खेळायला," म्हणाली आणि गेलीसुद्धा. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मला खालून ऐकू आला.

आणि मग मला ते दिसलं. पानांचे वरचे कोपरे मऊ पडलेले होते, ओल्या बोटाने उलटून उलटून पडतात तसे. पुस्तकाच्या मध्यापर्यंत. तिथे बारवेत अंधार होतो, एक अख्खं पान काळं आहे आणि खाली पाणी चमकतंय, असं चित्र आहे. त्या पानापुढचे कोपरे ताठ होते. करकरीत, दोन पानं तर कडेला चिकटलेलीच. त्यापुढे कुणाचंही बोट लागलं नव्हतं.

मी पुन्हा मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे. चूक नव्हती. ताईने पुस्तक वाचून संपवलंच नव्हतं. ती या काळ्या पानापर्यंत आली, घाबरली, आणि तिला दवाखान्यात न्यायच्या आधी माझ्या उशीवर पालथं ठेवून गेली. मी इतकी वर्षं समजत होते की ती मला सांगून गेली, एकटीने वाचू नकोस, मी येते. ती सांगत नव्हती. नऊ वर्षांची पोर, तापाने फणफणलेली. ती मला बोलावत होती.

मी आबांना कोपरे दाखवले. "ताईने इथपर्यंतच वाचलं होतं, आबा. पुढचं तिने वाचलेलं नाही."

आबांनी ताठ कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग खिडकीकडे हात करून म्हणाले, "ती उघड. आणि इथून पुढं मोठ्यानं वाच."

मी खिडकी उघडली. चिकटलेली पानं नखाने सोडवली आणि मोठ्याने वाचायला लागले, शाळेत धडा वाचतात तसं, एकेक शब्द सुटा. मुलगी अंधारात पाऊल टाकते. आबा माझा हात धरून ऐकत होते. पान संपलं की मी लगेच उलटत नव्हते. जरा थांबत होते. ती हळू वाचते.